फॉरवर्डमधली 'शास्त्रीय कारणं' आणि गणपतीतला फलक: काय ठेवावं, काय काढावं?

मुलुंड_पूर्व

सोसायटीच्या गणपतीत यंदा मंडपाशेजारी आठ बाय चारचे दोन फलक आणि एक लांब टेबल रिकामं आहे. विषय ठरला: घराघरांत पाळल्या जाणाऱ्या समजुती आणि त्यांत तथ्य किती. ग्रुपवर मजकूर मागवला तर फॉरवर्डचा पूर आला. गंमत म्हणजे 'ही समजूत आहे' असं त्यातला एकही म्हणत नाही. प्रत्येकाच्या शेपटीला एक शास्त्रीय कारण बांधलेलं आहे. नमुने बघा:

लिंबू-मिरची दारात टांगली की सुती दोऱ्यातून क जीवनसत्त्व हवेत पसरतं आणि रोगजंतू मरतात.

उत्तरेकडे डोकं करून झोपलं की रक्तातलं लोह पृथ्वीच्या चुंबकत्वाने मेंदूकडे ओढलं जातं.

ग्रहणात दूषित किरण अन्नात शिरतात. गरोदर बाईने चाकू हातात घेतला तर बाळाचा ओठ फाटतो.

नदीत नाणं टाकलं की पाण्यात तांबं उतरून पाणी शुद्ध होतं.

पिंपळाखाली रात्री झोपू नये, तो कार्बन डायऑक्साइड सोडतो. आणि पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो. (दोन्ही एकाच काकांनी एकाच सकाळी पाठवलंय.)

पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात लावला की बरणी नासते. काविळीची माळ गळ्यात घातली की ती वाढत जाते आणि कावीळ उतरते.

यातलं काय खरं, काय खोटं, आणि का? टेबलावर मुलांना करून दाखवता येईल असं काही आहे का? दहा दिवस टिकायला हवं, आणि मंडपात आग चालणार नाही. ज्येष्ठ मंडळी समोरच खुर्च्या टाकून बसणार आहेत, तेव्हा कुणाचा अपमान करायचा नाही. आणि हो, कायद्याचीही थोडी माहिती हवी आहे.

अलिबाग_लाँच

असले फॉरवर्ड तपासताना खरं-खोटं नंतर बघा, आधी 'किती?' विचारा. किती पदार्थ बाहेर पडतो, किती जोर लावतो, आणि तेवढाच किंवा त्याहून जास्त जोर रोज आपल्यावर दुसरीकडून पडतो का? बहुतेक कारणं इथेच गळून पडतात.

लिंबू-मिरची घ्या. क जीवनसत्त्व हवेत उडत नाही. ते पाण्यात विरघळतं, आणि तापवलं तर वाफ होण्याऐवजी सुमारे १९० अंशांना विघटित होतं. मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सायसिनही घराच्या तापमानाला उडत नाही. तसं असतं तर भाजीवाल्याच्या टोपलीपाशी उभंच राहता आलं नसतं. लिंबाच्या सालीतलं सुगंधी तेल तेवढं उडतं, पण एका लिंबाचा वास दारातल्या वाऱ्यावर अर्ध्या दिवसात संपतो. हवेतले जंतू त्याने मरत नाहीत. मुंबईत शनिवारी सिग्नलवर मिळणाऱ्या माळेत एक लिंबू, सात मिरच्या आणि बहुधा कोळशाचा तुकडा असतो, कधी बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून टेबलावर नमुना ठेवलात तर बिब्बा काढून ठेवा. आणखी एक गोष्ट फलकावर जरूर लिहा: जुनी माळ रस्त्याच्या मधोमध टाकतात, ती ओलांडू नये म्हणून दुचाकीवाला ऐनवेळी हँडल वळवतो. या समजुतीचा सगळ्यात खरा धोका तोच आहे. जुनी माळ ओल्या कचऱ्यात टाका, दोरा किंवा तार वेगळी काढून.

उत्तरेकडे डोकं. इथे आकडे बोलतात. मुंबई परिसरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. फ्रिजवर चिकटवायच्या साध्या चुंबकाचं क्षेत्र त्याच्या पृष्ठभागाशी याच्या शंभरेक पट भरतं. रुग्णालयातलं नेहमीचं एमआरआय यंत्र दीड टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त. त्यात माणूस अर्धा-पाऊण तास पडून राहतो आणि रक्त कुठे गोळा होत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून अगदी किंचित दूरच ढकललं जातं.

याला एक अस्सल मुंबईचा धागा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ सालच्या प्रचंड सौर वादळाची नोंदही तिथे झाली आहे. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ मध्ये ही चुंबकीय नोंदणी अलिबागला हलवली. म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र इतकं दुबळं की ट्रामसुद्धा त्यावर कुरघोडी करते. आता आपल्या फ्लॅटभोवती स्लॅबच्या सळ्या, लिफ्टची मोटर, लोखंडी पलंग आणि खिडकीचं ग्रील आहे, त्यात 'उत्तर' उरते किती?

हे दाखवायला प्रयोग सोपा आहे. शाळेतलं साधं होकायंत्र घ्या. टेबलाच्या मध्यावर सुईची दिशा खडूने आखा. मग तेच होकायंत्र मंडपाच्या लोखंडी खांबाजवळ, स्टीलच्या डब्याशेजारी, मोबाइलच्या स्पीकरपाशी न्या आणि प्रत्येक जागी नवी रेघ मारा. मुलं पाच मिनिटांत चार 'उत्तर दिशा' शोधतील. घरात होकायंत्र धरून पलंगाची जागा सांगणाऱ्यांना हा प्रश्न आवर्जून विचारावा: मापन पिलरपासून किती दूर केलं?

नाणं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू कमी होतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तिथे पाणी थोडं, धातूचा पृष्ठभाग मोठा आणि वेळ बारा-सोळा तासांचा असतो. वाहत्या नदीत एक नाणं म्हणजे यातलं काहीच नाही. शिवाय आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. तांब्याच्या भांड्यात ताक, लिंबू सरबत ठेवू नये एवढं मात्र आजीचं बरोबर. आंबट पदार्थात तांबं जास्त उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात.

पिंपळ. दोन्ही फॉरवर्ड चूक. झाड रात्री श्वसन करतं, पण झोपलेला माणूस मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तरी एका खोलीत चौघे झोपतातच. उघड्यावरच्या झाडाने कुणी गुदमरत नाही. आणि ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात, पण त्याही ऑक्सिजन सोडतात तो दिवसाच. पिंपळाखाली रात्री न झोपायला पक्ष्यांची घाण आणि वाळक्या फांद्या एवढं कारण पुरेसं आहे.

परळची_सिस्टर

ग्रहण आणि बाळाच्या गोष्टी मी घेते, कारण इथे समजूत नुसती चुकीची नसून इजा करते.

ओठ फाटणं: बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या आसपास. कित्येकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणजे सातव्या महिन्यात ग्रहण लागलं आणि हातात विळी होती, याचा ओठाशी संबंध लावताच येत नाही. तो ओठ कधीच तयार होऊन बसलेला असतो. खरी कारणं म्हणजे आनुवंशिकता, आईची तंबाखू-मिश्री, आधीपासूनचा मधुमेह, फिटवरची काही औषधं, फॉलिक आम्लाची कमतरता. म्हणून फलकावर 'चाकू धरू नका'च्या जागी हे लिहा: मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, पहिले तीन महिने संपेपर्यंत. फिटची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना आधी भेटायचं. त्यांत फॉलिकचं प्रमाणही वेगळं ठरतं.

वेध पाळणं हा त्याहून मोठा घोळ. परंपरेने सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास, आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहर, म्हणजे नऊ तास. गरोदर बाईने इतका वेळ पाण्याशिवाय राहणं धोक्याचं आहे. इन्शुलिनवर असेल तर साखर एकदम खाली येते. सासूबाईंना पटवायचं असेल तर पंचांगच उघडा. त्यातच बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवतींसाठी वेध कमी वेळ पाळायला सांगितलेले असतात. धर्मानेच दिलेली सवलत आहे, वादाची गरज नाही.

डोळ्यांचं भय मात्र खरं आहे, आणि नेमकं तेवढंच लोक विसरतात. सूर्यग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं की दृष्टिपटल भाजतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी मधोमध काळा डाग दिसायला लागतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्याच्या परातीतलं प्रतिबिंब, सगळं बाद. आयएसओ १२३१२-२ असा शिक्का असलेला चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. चंद्रग्रहण खुशाल उघड्या डोळ्यांनी बघा.

काजळ: बाळाच्या डोळ्यात बोटाने काजळ घालू नका. बोटाचे जंतू डोळ्यात जातात, अश्रूची नळी तुंबते. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं असतं, आणि शिसं मेंदूला घातक. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. दृष्टीचं समाधान तेवढंच मिळतं.

मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या आणि ठसका आला नाही तर 'दृष्ट होती' म्हणायचं. ठसका येणं-न येणं निखारा किती तापलाय, मिरची अख्खी आहे की फुटकी, आणि वारा कुठला यावर ठरतं. धगधगत्या निखाऱ्यावर मिरची चटकन जळून कोळसा होते. मंद आचेवर तिखट धूर सुटतो. तो तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेला चालत नाही. ओवाळा, पण जाळायचं ते खिडकीबाहेर, बाळ दुसऱ्या खोलीत.

मध: एक वर्षाखालच्या बाळाला बोटभरही नको. मधात एका घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही, मग दूध ओढण्याची ताकद जाते, मग अंग सैल पडतं. घुटीत जायफळ-वेखंड उगाळताना 'दोन वेढे जास्त' हासुद्धा जीवघेणा हिशेब ठरू शकतो. आणि पहिला चीक पिळून टाकू नका; बाळाला मिळणारं पहिलं संरक्षण तेच.

मुलुंड म्हणजे नॅशनल पार्कच्या कुशीत, तेव्हा सापाचं एक चौकोन ठेवाच. मंत्राने विष उतरलेलं 'दिसतं', कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. बाकीच्यांना विषावरची लस लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच लस चालते, आणि ती परळच्या हाफकिन संस्थेतही तयार झालेली आहे. करायचं काय: हात-पाय लाकडी पट्टी लावून हलू न देणं, अंगठ्या-बांगड्या काढणं, १०८ ला फोन, सरकारी किंवा पालिकेचं मोठं रुग्णालय. करायचं नाही काय: दोरी आवळणं, चिरणं, चोखणं. मण्यारीचा चावा रात्री झोपेत होतो, दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटताहेत अशी तक्रार आली तर थांबू नका.

प्रयोगवही

टेबलासाठी चार प्रयोग. आग एकातही नाही.

पहिला, माहीमचं गोड पाणी. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. लोकांनी ते ओंजळीने प्यायलं, बाटल्या भरून घरी नेल्या, आणि पालिका 'पिऊ नका' म्हणून सांगत राहिली. मिठी नदी तिथेच खाडीला मिळते. पावसाळ्यात तिचं गोडं पाणी लोंढ्याने येतं, आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोड होतं ते पाणी मिठीचं, सगळ्या सांडपाण्यासकट.

करायचं असं. उंच काचेच्या बरणीत एक लिटर पाणी, त्यात ३५ ग्रॅम मीठ (समुद्राचं प्रमाण साधारण हेच), खाण्याचा निळा रंग दोन थेंब. मीठ पूर्ण विरघळून पाणी स्थिर होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर साधं पाणी घेऊन लाल रंग. आता पळी निळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून लाल पाणी पळीवर अगदी बारीक धारेने सोडा. दोन थर स्वच्छ वेगळे दिसतात. फसतं कुठे? धार जोरात सोडली तर, आणि मीठ कमी पडलं तर. हलवलं नाही तर थर तासन्‌तास टिकतात, पण रोज सकाळी नवं भरा.

दुसरा, दूध पिणारा गणपती. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी देशभर पसरली. हा मंडपातल्या मूर्तीवर करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. मातीचा साधा हत्ती, दगडी खलबत्ता, चहाचा मग, काहीही चालतं, आणि तोच मुद्दा आहे. चमचा काठोकाठ भरा, इतका की दूध किंचित फुगलेलं दिसेल. वस्तू आधी ओली करा. चमच्याची कड टोकाला टेकवून केसभर कलता करा. पृष्ठताण दुधाला ओढून घेतो आणि ते पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या मातीवर पांढरा ओघळ दिसत नाही, म्हणून 'प्यायलं' वाटतं. दुसऱ्यांदा दुधात हळद घालून करा, ओघळ सगळ्यांना दिसेल. चमचा अर्धा भरलात किंवा वस्तूला तेलाचा हात लागलेला असला तर जमत नाही. साफ पुसून घ्या.

तिसरा, लिंबातून रक्त. करणी काढणाऱ्यांचा हुकमी प्रकार. गणपतीत जास्वंद भरपूर असते. पाच-सहा गर्द लाल फुलांच्या पाकळ्या चुरगाळून रस सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी चोळा आणि सावलीत वाळू द्या. पात्यावर फिकट जांभळट थर राहतो, दुरून कळत नाही. लिंबू कापलं की आम्लामुळे तो लालभडक होऊन रसात उतरतो. पातं स्टेनलेस स्टीलचं घ्या. लोखंडी असेल तर रस काळपटतो. शेजारी हळद-चुन्याची पट्टी ठेवा: हळदीचा कागद, त्यावर चुन्याच्या निवळीत बुडवलेला कापूस फिरवला की लाल, लिंबू लावलं की पुन्हा पिवळा. मुलांना निवळीच द्या, चुना नाही. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ जळतं.

चौथा, काविळीची माळ. तुमच्या दहा दिवसांसाठीच बनवल्यासारखा. अडुळशाच्या किंवा तशाच पाणीदार झाडाच्या कोवळ्या, ओल्या काड्यांचे अर्ध्या-पाऊण इंचाचे वीस-पंचवीस तुकडे करा. प्रत्येकाभोवती दोऱ्याचा फास घट्ट घेत माळ ओवा, तुकडे एकमेकांना खेटून. ओली काडी वाळते, बारीक होते, फास सैल पडतो आणि त्यात गुंतलेला दोरा मोकळा होऊन माळ लांबते. गळ्यात घाला की खिळ्याला अडकवा, वाढ होतेच. वाळलेल्या काड्यांनी केली तर मात्र काहीच होत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणामुळे हळू वाढते, म्हणून पंख्याच्या वाऱ्यात टांगा.

मग कावीळ बरी कशी होते? दूषित पाण्याने होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय माळेला. ई प्रकार गरोदरपणात जिवावर बेततो, आणि बी-सी प्रकार किंवा पित्तनलिकेतला खडा माळेची वाट बघत नाही. रक्ततपासणी पहिल्या दिवशीच.

कायदा थोडक्यात. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणीचा आळ, नरबळी, चमत्काराच्या दाव्याने फसवणूक, आणि साप-कुत्रा-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना तो हात लावत नाही. ज्येष्ठांना हे आधी सांगा, निम्मा ताण उतरेल. याशिवाय १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींचा केंद्रीय कायदा आहे. २०१३ च्या कायद्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवरच्या चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या.

खाडीकिनारी

वरचं सगळं मान्य. पण फलक सगळाच 'हे खोटं, ते खोटं' झाला तर समोरच्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या होतील. आणि ते अन्यायाचंही आहे. काही रीती कारणासह जन्मल्या, कारण संपलं तरी रीत राहिली. काहींचं कारण अजून जिवंत आहे.

कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात. त्याआधी समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा विणीचा काळ असतो. आज सरकारी मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. पंचांग आणि सरकार साधारण एकाच काळावर येतात. चातुर्मासात पालेभाज्या कमी करणं हेही तसंच. पावसात पानांवर अळ्या आणि चिखल असतो. आता बाराही महिने भाजी येते, तेव्हा मिठाच्या पाण्यात बुडवून, वाहत्या नळाखाली पान-पान धुतलं की पाप लागत नाही. दिवेलागणीनंतर केर काढू नये, नखं कापू नयेत, हे कंदिलाच्या उजेडात शहाणपणाचं होतं: सांडलेला दागिना केरात जाई, आणि नखाऐवजी बोट कापलं जाई. ट्यूबलाइटखाली दोन्ही करा.

लोणच्याचं मात्र एक अख्खं चौकोन करा, कारण ही समजूत बायकांच्या अंगावर आहे. बरणी नासते ती पाण्याने. एक किलो कैरीच्या फोडींना साधारण २०० ते २५० ग्रॅम मीठ लागतं. त्याहून कमी घातलं तर बुरशीला मोकळं रान. कैरी धुऊन पुसली नाही, फोडी कपड्यावर तासभर सुकवल्या नाहीत, फोडणी कोमट असतानाच ओतली, तेलाची पातळी फोडींच्या वर बोटभर राहिली नाही, ओला चमचा घातला. बस, एवढीच कारणं. मुंबईच्या हवेत बरणीचं तोंड उघडं राहिलं तरी पुरतं. हात कोरडा असेल तर तो कुणाचा आणि महिन्याच्या कुठल्या दिवशीचा, हे मिठाला कळत नाही.

नाण्यांच्या ओळीत एक भर घाला: लोकलमधून खाडीत निर्माल्य आणि नारळ भिरकावणं. भाईंदर-नायगावच्या रेल्वे पुलावरून खाडीतल्या पाणजू बेटाचे लोक पायी जातात. २०२५ मध्ये असाच फेकलेला नारळ लागून एका तरुणाचा जीव गेला. निर्माल्य कलशात टाका; गणपतीत पालिका जागोजागी ठेवते.

मुलुंड_पूर्व

खूपच कामाचं. दोन गोष्टी राहिल्या, आणि दोन्ही आमच्या ग्रुपवर पेटलेल्या आहेत. एक, मंगळ असलेल्या मुलीचं लग्न. दोन, विसर्जन झालं की पितृपक्ष, आणि त्यात घराचा व्यवहार करावा की नाही.

गणिती_गोरेगाव

मंगळाचं गणित फलकावर मावतं. कुंडलीत बारा घरं. मंगळ लग्नापासून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या घरात असला की 'मंगळ आहे'. बारापैकी पाच घरं, म्हणजे साधारण ४२ टक्के लोक. काही ज्योतिषी चंद्रापासूनही मोजतात. दोन्ही मोजणी स्वतंत्र धरली तर दोन्हींतून सुटण्याची शक्यता सात भागिले बाराचा वर्ग, म्हणजे ३४ टक्के. उरलेल्या ६६ टक्क्यांना मंगळ! निम्म्याहून जास्त लोकांना लागू होणारा 'दोष' कुणाचा जोडीदार कसा काय निवडून मारणार? म्हणूनच तर शास्त्रात अपवादांची एवढी मोठी यादी द्यावी लागली. मुलांना टेबलावर बारा घरांचा कागद आणि एक फासा द्या, फाशाबरोबर एक नाणं: छापा आला तर फाशाचा आकडा तसाच, काटा आला तर त्यात सहा मिळवायचे. प्रत्येकाने एकदा टाकायचं आणि 'मंगळ' आला की फलकावर टिकली लावायची. दहा दिवसांत आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास येईल. दोन फासे एकदम टाकून बेरीज घेऊ नका, सात जास्त वेळा येतो आणि एक कधीच येत नाही.

ज्योतिषाची चाचणी महाराष्ट्रातच झालेली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या २०० कुंडल्या जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या ओळखून पाठवल्या. नाणं उडवलं तरी २० बरोबर येतात. यश म्हणायला २८ हवे होते. सर्वोत्तम ज्योतिषाचे २४ आले, सरासरी निम्म्याहूनही खाली. एका संस्थेने सगळ्या २०० तपासल्या, त्यांच्या १०२ बरोबर निघाल्या.

पितृपक्षात घर. खरेदीदार कमी असतात, म्हणजे घासाघीस करायला हाच पंधरवडा बरा. घरच्यांना तारखेचंच वावडं असेल तर कायद्यात वाट आहे: करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी करता येते. भाव आणि अटी पितृपक्षात पक्क्या करा, सह्या आणि नोंदणी घटस्थापनेनंतर. सह्या आधीच करणार असाल तर मुद्रांक शुल्क नोंदणीपर्यंत लांबवू नका, नाहीतर दंड लागतो. तो पितरांच्या खात्यात जमा होत नाही.

प्रयोगवही

फासा-नाण्याची कल्पना उत्तम. काविळीच्या माळा दोन करा: एक खिळ्याला, एक फोटोच्या चौकटीला. प्रतिष्ठापनेच्या सकाळीच ओवून घ्या, आदल्या रात्री नको, नाहीतर पहिली वाढ रात्रीतच होऊन जाते. बाजूला मोजपट्टी चिकटवा आणि रोज आरतीनंतर मुलांपैकी एकाने तारीख-लांबी लिहायची. अडुळसा मुलुंडला नर्सरीत मिळेल. काड्या पेन्सिलीपेक्षा बारीक आणि हिरव्या बघून घ्या.